‘दुकानावर बसतो’ हे अमेरिकेतल्या कॉलेजच्या अर्जात कसं लिहायचं?

प्रश्न सांगलीच्या एका आईचा आहे. थोडक्यात असा: “आमचं हार्डवेअर आणि नळसामानाचं दुकान आहे. मुलगा अकरावी सायन्सला. यांच्या पाठीचं ऑपरेशन झालं तेव्हापासून, म्हणजे नववीपासून, तो शनिवार-रविवार आणि सुट्टीत दुकानावर बसतो. त्याला अमेरिकेत इंजिनिअरिंग करायचंय. पुण्या-मुंबईची मुलं रिसर्च पेपर, एनजीओ, इंटर्नशिप असं काय काय करतात. याच्याकडे दाखवायला काहीच नाही. दुकान सोडायला लावून त्याला एखादी इंटर्नशिप मिळवून देऊ का? की आपल्याच लेटरहेडवर मॅनेजर म्हणून सर्टिफिकेट देऊ? आणि दुकानदाराचा मुलगा म्हणून तिथे कमी लेखतील का?”

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीचे दोन्ही प्रश्न त्याच धास्तीतून आलेले दिसतात. नाही, कमी लेखत नाहीत. पुण्यात बसून सतरा वर्षं मी मुलांचे अमेरिकेचे अर्ज बघते आहे. घरच्या धंद्यात राबलेल्या मुलाला त्या कामामुळे तोटा झालेला मी पाहिला नाही. ते काम अर्जात न लिहिल्यामुळे, किंवा खोटा मुलामा देऊन लिहिल्यामुळे झालेला तोटा मात्र बराच पाहिला आहे.

हे नुसतं धीर देण्यासाठी म्हणत नाही. अमेरिकेतली बहुतेक कॉलेजं दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचं एक प्रपत्र जाहीर करतात. कॉलेजचं नाव आणि हे तीन शब्द टाकून शोधलंत की सापडतं. त्यातला सी-७ हा तक्ता उघडा. प्रवेश देताना कशाला किती वजन देतो, ते कॉलेज तिथे स्वतःच्या तोंडाने सांगतं: मार्क, घेतलेल्या विषयांची काठिण्यपातळी, निबंध, शिफारसपत्रं, शाळेबाहेरचे उद्योग, समाजकार्य. आणि याच यादीत ‘वर्क एक्स्पिरियन्स’ अशी स्वतंत्र ओळ आहे. मुलाच्या यादीतल्या प्रत्येक कॉलेजची ती ओळ तुम्ही स्वतः बघा. रिसर्च पेपरसाठी तशी वेगळी ओळ त्या तक्त्यात नाही, हेही तेव्हाच दिसेल. हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र शाखेतल्या ‘मेकिंग केअरिंग कॉमन’ या प्रकल्पाने जानेवारी २०१६ मध्ये एक अहवाल काढला होता आणि बऱ्याच कॉलेजांच्या प्रवेशप्रमुखांनी त्याला पाठिंबा दिला होता. घरासाठी कमावणं, धाकट्या भावंडांना सांभाळणं यालाही अर्जात मान मिळाला पाहिजे, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं.

तेव्हा अडचण तिकडच्या लोकांच्या नजरेची नाही. अडचण आपल्या एका शब्दाची आहे: ‘बसतो’.

तुमच्या परवानगीने परवा मी त्याच्याशी फोनवर बोलले, त्यातलं थोडं इथे लिहिते. मी विचारलं, दुकानात काय करतोस? म्हणाला, “काही नाही मॅडम, बसतो.” आपल्याकडे दुकानावर बसणं, गल्ल्यावर बसणं, पेढीवर बसणं असंच म्हणतात. पिढ्यानपिढ्या बसलेल्या माणसांनी संसार उभे केले, पण शब्द ऐकताना वाटतं की माणूस पंख्याखाली बसून माश्या मारत होता. मुलंही मग तसंच समजतात, आणि अर्जात लिहितात, “वडिलांच्या दुकानात मदत केली.”

मी विषय सोडला नाही. गेल्या रविवारी दुकान उघडल्यावर पहिलं गिऱ्हाईक कोण आलं, ते सांग म्हटलं. एक प्लंबर आला होता. खिशातून तुटका तुकडा काढून काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, याच्यासारखं दे. मुलाने तो तुकडा हातात घेऊन सांगितलं की हा पाऊणचा, म्हणजे पाऊण इंची, साधा यूपीव्हीसी एल्बो (पाइप वळवायचा प्लास्टिकचा जोड) आहे, पण तुम्ही गिझरची लाईन म्हणताय, तर तिथे गरम पाण्याला टिकणारं सीपीव्हीसीच लागेल, नाहीतर गरम पाण्याने हा पुन्हा जाईल. मग तो सांगत सुटला. प्लंबर ‘पाऊण’ म्हणतात आणि कंपनीच्या बिलावर ‘२० एमएम’ असतं. नवा पोऱ्या रोज त्यात घोळ घालायचा, म्हणून याने दोन्ही नावं शेजारी लिहिलेली चिठ्ठी प्रत्येक खणावर चिकटवली. प्लंबर कामावर जाताना माल जास्तीचा नेतात आणि उरलेला परत आणून देतात. तो परत आलेला माल उधारीतून वजा व्हायचा राहायचा, आणि महिनाअखेरीला काउंटरवर आवाज चढायचे. याने दहावीच्या सुट्टीत परत मालाची वेगळी वही घातली. माल टाकणाऱ्याची सही तिथल्या तिथे, आणि रात्री टॅलीत नोंद. पप्पांना आधी पटलं नव्हतं, म्हणाले, सह्या मागितल्या तर माणसं दुरावतील. दोन महिने याने फक्त तीन प्लंबरांपुरती ती वही चालवली, हिशेब जुळताना दाखवला, तेव्हा ते हो म्हणाले.

हे सगळं त्याला सांगण्यासारखं वाटतच नव्हतं!

ताई, अर्ज वाचणाऱ्या माणसाला हेच हवं असतं. त्याच्या हातात एका अर्जासाठी काही मिनिटं असतात. धंदा किती मोठा, नावापुढे पद कोणतं, याने त्याचं काम भागत नाही. त्याच्या मनातला प्रश्न साधा असतो: हे पोरगं त्या जागी नसतं तर काय अडलं असतं? तुमचा मुलगा नसता तर शनिवारी शटर उघडलं नसतं, आणि परत मालाची भांडणं अजून चालली असती. उत्तर तयार आहे, ते कागदावर आणायचं आहे एवढंच.

आता उलट बाजूचं एक उदाहरण सांगते. काही वर्षांपूर्वी एक कारखानदार मुलाला घेऊन आले होते. अर्जात मुलगा ‘डायरेक्टर, स्ट्रॅटेजी’. मी विचारलं, मागच्या महिन्यात तू घेतलेला एखादा निर्णय सांग. मुलगा वडिलांकडे बघायला लागला. सोळा वर्षांच्या मुलाच्या नावापुढे डायरेक्टर आणि कंपनीच्या नावात घरचंच आडनाव, हे वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं, आणि मग बाकीच्या खऱ्या गोष्टींकडेही तो संशयाने बघतो. त्या मुलाने सुट्टीत तीन आठवडे स्टोअरमध्ये खरोखर माल मोजला होता. शेवटी आम्ही तेवढंच लिहिलं. म्हणून तुमच्या लेटरहेडवरचं मॅनेजरचं सर्टिफिकेट नको. आईने मुलाला दिलेल्या सर्टिफिकेटला तिथे किंमत नाही, आणि आई-वडिलांचं, नातेवाइकांचं शिफारसपत्र तर मुळीच चालत नाही.

एक चूक माझ्या हातूनही झाली आहे, ती सांगायलाच हवी. या कामात मी नवी होते तेव्हा भांड्यांच्या दुकानात वाढलेल्या एका मुलीला मी दुकानाचे तास कमी करायला लावले आणि पैसे भरून मिळणारी परदेशी उन्हाळी इंटर्नशिप घ्यायला लावली. अर्जात ती सर्वांत वर टाकली आणि दुकान दहाव्या ओळीत गेलं. तिला नकार आले ते त्यामुळेच, असा दावा मी करणार नाही. नकाराची कारणं कोणी कळवत नाही. पण तिचा अर्ज नंतर पुन्हा वाचला तेव्हा त्यात ती मुलगी कुठेच नव्हती. फी भरू शकणाऱ्या कुठल्याही घरच्या मुलीचा तो अर्ज असू शकला असता. दुकान सोडायला लावू का, या तुमच्या प्रश्नाला मी इतक्या ठामपणे नको म्हणते ते त्या अर्जामुळे.

आता प्रत्यक्ष फॉर्म. हजाराहून जास्त कॉलेजं ‘कॉमन ॲप’ हा एकच अर्ज घेतात. त्यात दहा उद्योग, म्हणजे अभ्यासाबाहेर केलेली कामं, लिहिता येतात. प्रत्येकाला पद किंवा भूमिकेसाठी ५० अक्षरं, संस्थेच्या नावासाठी १०० आणि वर्णनासाठी १५० अक्षरं, मधल्या मोकळ्या जागा धरून. सुरुवातीला प्रकार निवडायचा असतो. त्यात ‘वर्क (पेड)’ आहे आणि ‘फॅमिली रिस्पॉन्सिबिलिटीज’ही आहे. मुलाला खरोखर पगार देत असाल तरच पहिला प्रकार. देत नसाल तर दुसरा, आणि त्यात कमीपणा काही नाही. अर्जासाठी म्हणून आत्ता घाईघाईने पगार सुरू करू नका. आणि महत्त्वाच्या क्रमाने लिहायला सांगतात, तेव्हा हे काम पहिल्या ओळीत जाईल.

१५० अक्षरांत बहुतेक मुलं असं लिहितात: “दुकानात मदत केली, ग्राहक हाताळले, संवादकौशल्य व नेतृत्वगुण वाढवले.” यातला शेवटचा तुकडा कोणीही कशाखालीही लिहू शकतो. त्याऐवजी त्याने सांगितलेलंच मांडलं तर असं होतं: “सुट्टीच्या दिवशी काउंटर एकट्याने; टॅलीत बिलं; प्लंबरांची उधारी; परत मालाची वही सुरू केली, हिशेबाचे वाद कमी झाले.” इंग्रजीत हे एवढ्यात बसतं. भूमिकेच्या ५० अक्षरांत काउंटर आणि हिशेब एवढंच लिहायचं. उधारीची खाती किती, तो आकडा त्याने वहीतून मोजून घालावा, अंदाजाने नाही.

तासांच्या बाबतीत सगळेच गडबडतात. फॉर्म आठवड्याचे तास आणि वर्षाचे आठवडे विचारतो, पण दुकानाचं काम सारखं नसतं. मुलाने सांगितलेल्यावरून मी असा हिशेब केला: शाळा-कॉलेज चालू असताना ३६ आठवडे, शनिवार-रविवार मिळून ८ तास, म्हणजे २८८. मे महिना, दिवाळी आणि इतर सुट्ट्यांचे १० आठवडे, ३० तासांप्रमाणे ३००. एकूण ५८८ तास, ४६ आठवडे, म्हणजे आठवड्याला साधारण १३. हाच आकडा लिहायचा. २५ लिहिला तर अकरावी सायन्स, क्लास, प्रॅक्टिकल आणि झोप यांची बेरीज वाचणारा मनातल्या मनात करतो. अजून एक, नववी ते बारावी एवढीच वर्षं मोजतात. त्याआधी तो दुकानात खेळला-बागडला ते निबंधात येऊ शकेल, यादीत नाही.

पाठीचं ऑपरेशन, दुसरा माणूस नसणं, त्यामुळे नववीत गणिताच्या परीक्षेला बसलेला फटका, हे सगळं १५० अक्षरांत कोंबू नका. घरच्या परिस्थितीसाठी कॉमन ॲपमध्ये २५० शब्दांची वेगळी जागा आहे. तिथे चार-पाच साधी वाक्यं लिहा: काय झालं, कधी, त्याच्यावर काय आलं, आता कसं आहे. रडगाणं नको आणि शौर्यगाथाही नको. शिवाय हीच गोष्ट शाळेकडून गेली तर तिचं वजन वाढतं. तिथल्या शाळांमध्ये काउन्सिलर असतो, आणि अर्जासोबत जाणारा शाळेचा फॉर्म तो भरतो. आपल्या ज्युनिअर कॉलेजात तो फॉर्म प्राचार्य किंवा वर्गशिक्षक भरतात, आणि बहुतेकदा त्यांना मुलाचं दुकान माहीतच नसतं. तुम्ही दोघं त्यांना भेटा आणि एका पानावर लिहून द्या. मी जितक्या पालकांना हे सांगितलं त्यातले निम्मे तरी संकोचाने गेलेच नाहीत. कृपा करून जा.

६५० शब्दांच्या मुख्य निबंधाबद्दल एक सावधगिरी. दुकानाचे निबंध दोन खड्ड्यांत पडतात. एकात बाबांचे कष्ट इतके भरतात की संपेपर्यंत कॉलेजला बाबांना प्रवेश द्यावासा वाटतो. दुसऱ्यात मुलगा ‘गिऱ्हाइकांकडून नम्रता शिकलो’ वगैरे लिहितो. तुमच्या मुलाकडे खरी गोष्ट त्या दोन महिन्यांची आहे: बाप नको म्हणतो, मुलगा वाद घालत नाही, तीन माणसांवर करून बघतो आणि मग दाखवतो. इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलाची विचार करायची पद्धत त्यात आपसूक दिसते. अर्थात निबंध दुकानावरच हवा असा नियम नाही. त्याला तबल्यावर लिहावंसं वाटलं तर लिहू दे, दुकान यादीत आहेच.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कॅम्पसांचा, म्हणजे बर्कली, लॉस एंजेलिस वगैरेंचा, अर्ज वेगळा असतो. तिथे २० पर्यंत नोंदी चालतात, नोकरी-कामासाठी स्वतंत्र प्रकार आहे, वर्णनाला ३५० अक्षरं मिळतात, आणि एका निबंधाऐवजी आठपैकी चार प्रश्नांना प्रत्येकी ३५० शब्दांत उत्तर द्यायचं असतं. शिफारसपत्रं ते सहसा मागत नाहीत, म्हणून मुलाने स्वतः सांगितलेलंच तिथे सगळं. आणि हे विद्यापीठ काही अर्ज यादृच्छिक निवडून पुरावा मागतं. परत मालाच्या वहीचे फोटो, टॅलीतल्या नोंदी जपून ठेवा. एमआयटी उलट टोकाला आहे. त्यांच्या स्वतःच्या फॉर्मवर चारच उद्योग लिहायचे असतात. तिथेही हे पहिलं.

इंग्लंडचं गणित निराळं आहे. तिथे विषयाची तयारी बघतात, घरची जबाबदारी तुलनेने कमी मोजतात. दोन्हीकडे अर्ज करणार असाल तर एकच मजकूर दोन्हीकडे चिकटवू नका.

पैशाची बाजू तुम्ही विचारली नाहीत, पण घरचा धंदा असलेल्यांना ती हमखास अडते. परदेशी मुलांना गरजेप्रमाणे मदत देणारी बरीच खासगी कॉलेजं ‘सीएसएस प्रोफाइल’ भरून घेतात. त्यात धंद्याची उलाढाल, मालमत्ता, कर्ज सगळं येतं आणि आयकर विवरणपत्रंही मागू शकतात. निबंधात ‘दुकान कसंबसं चालतं’ आणि कागदावर दोन गोडाऊन, असं झालं तर दोन्हीवरचा विश्वास जातो. घरखर्च आणि दुकानाचा खर्च एकाच गल्ल्यातून होत असेल, तर तो वेगळा करायला सीएंना आत्ताच सांगा. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशी मोजकी कॉलेजं परदेशी मुलाने मदत मागितली म्हणून प्रवेशात मागे टाकत नाहीत. बहुतेक ठिकाणी मात्र ते बघतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाकडून परदेशी मुलांना गरजेवर आधारित मदत धरूच नका.

   

‘मुलाला कामाला लावलं’ असं वाचून कायद्याचं काही निघेल का, अशीही भीती काही पालक बोलून दाखवतात. आपल्याकडे २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालचं मूलसुद्धा शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या धंद्यात हातभार लावू शकतं, काम धोकादायक नसेल तर. चौदा ते अठराच्या मुलांनाही धोकादायक काम बंद आहे. काउंटर आणि हिशेबाला अडचण नाही. थिनरचे डबे मात्र त्याच्याकडून हाताळून घेऊ नका, आणि हे अर्जासाठी म्हणून सांगत नाही.

एका गोष्टीत मात्र मी तुम्हाला दिलासा देणार नाही. दुकान कितीही छान लिहिलं तरी ते मार्कांची जागा घेत नाही. मोठी इंजिनिअरिंग कॉलेजं आधी गणित आणि फिजिक्स बघतात. एमआयटीने २०२२ मध्ये सॅट किंवा एसीटी यांपैकी एक प्रवेशपरीक्षा पुन्हा सक्तीची केली, त्यानंतर हार्वर्ड, कॅलटेक, ब्राउन यांनीही केली. मुलगा मला म्हणाला की रविवारी संध्याकाळी दुकानातून आल्यावर अभ्यासाला बसवत नाही. इंटर्नशिपसाठी दुकान सोडू नका म्हणते आहे, पण सॅटच्या आधीचे दोन महिने रविवार त्याला मोकळा द्या. तेवढ्यापुरता एखादा माणूस अर्ध्या दिवसासाठी ठेवा. त्या दोन महिन्यांत तास कमी झाले तर अर्जाचं काही बिघडत नाही.

रिसर्च पेपर हवाच असं वाटत असेल, तर विकत घेऊ नका. त्याच्या डोक्यात एक प्रश्न आधीच आहे. फोन ठेवता ठेवता त्याने मलाच विचारलं, “मॅडम, एकाच कंपनीचा एल्बो एका गल्लीतून सारखा तुटून परत येतो, दुसरीकडून येत नाही, असं का?” पाण्याचा दाब, पाण्यातला क्षार, की प्लंबरची जोडायची पद्धत, मला ठाऊक नाही. परत मालाच्या वहीत त्याने आता एक रकाना वाढवावा: माल कुठल्या गल्लीतून आला. आणि तुटलेले तुकडे फेकू नयेत, तारीख घालून एका डब्यात ठेवावेत. मे महिन्यापर्यंत किती जमतात ते बघू. तेव्हा तो डबा आणि वही घेऊन त्याला एकदा पुण्याला पाठवा.